क्रुसावरची पाटी

"ही पाटी काढावी लागेल, आंटी," पद्मजा तिसऱ्यांदा म्हणाली. आता तिच्या आवाजात विनंतीसुद्धा उरली नव्हती.

बेटीआंटी क्रुसाच्या ओट्यावर बसून राहिली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, मांडीवर रुमाल, पाठ क्रुसाला टेकलेली. तिला उठवणार कोण? खंडू गवंडी छिन्नी-हातोडा पायाशी ठेवून सावलीत उकिडवा बसला होता. अंधेरीच्या त्या गावठाणात दुपारचे तीन वाजले होते आणि मे महिन्याच्या उन्हाने तिघांनाही पार पिळून काढलं होतं.

जुन्या वास्तूंची यादी करायचं काम पद्मजाकडे होतं. चार महिने ती गावठाणं पालथी घालत होती. शंभर वर्षांचं म्हणून कुणी घर दाखवावं आणि तिने छताकडे बघावं, तर लोखंडी गर्डर. जुनी म्हणून विहीर दाखवावी, तर तिच्यावर कुणाची तरी मोटरसायकल. जुनं काही शिल्लक असेल यावरचा तिचा विश्वासच उडत चालला होता. हा क्रूस तेवढा खरा वाटत होता. पण नुसतं वाटण्याला यादीत रकाना नसतो.

पाटीवर स्वच्छ लिहिलं होतं, 'हा क्रूस युस्टेस परेरा याने उभारला.' खाली साल, १९८७. रस्ता रुंद करणाऱ्यांनी तेवढंच वाचलं आणि उद्या सकाळी पाडायचं ठरवून टाकलं. पाटीमागच्या दगडावर जुनं साल सापडलं, तरच क्रूस यादीत जाऊन वाचणार होता. आणि पाटी फोडल्याशिवाय निघणार नव्हती.

"मागे काय नसलं तर?" बेटीआंटीने विचारलं.

"तर क्रूस जाईल."

"आणि पाटी तर आधीच गेलेली. म्हणजे आमचा युस्टेस दोनदा मेला."

युस्टेस तिचा नवरा. दरवर्षी क्रुसाच्या सणाआधी गाव क्रुसाला चुना लावत असे. चुन्यावर चुना, त्यावर पुन्हा चुना. खाली काय कोरलंय, कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणाला पडलीही नव्हती. सत्त्याऐंशी साली युस्टेस आखातातून कायमचा परत आला. आठ दिवस एकट्याने बसून त्याने तो सगळा चुना खरवडला, क्रुसाचा तुटलेला हात सांधला आणि पुढे ही संगमरवरी पाटी बसवली. गावाने पाटी वाचली आणि नाकं मुरडली. पूर्वजांच्या क्रुसावर स्वतःचं नाव! लग्नाच्या मांडवात टोमणे, बारशाला टोमणे. बेटीला चारचौघांत तोंड दाखवायची चोरी झाली. तिने घरात त्याला गावापेक्षा जास्त ऐकवलं. युस्टेस मुळातच अबोल. फारच झालं, तर म्हणायचा, "नाव राहिलं ना, बस."

अकरा वर्षांपूर्वी तो गेला. दफनभूमीत जागा कमी, म्हणून दोन वर्षांनी खड्डा उकरून तिथे दुसऱ्या कुणाला ठेवलं. थोरल्या नातवाला आजोबाचं नाव द्यायची परेरांच्या घरातली रीत. जेफ्रीने, त्यांच्या मुलाने, ती मोडली आणि पोराचं नाव ब्रेंडन ठेवलं. उरली ही पाटी. जिच्यावरून जन्मभर नवऱ्याशी भांडली, तिच्याचसमोर बेटीआंटी आता रोज मेणबत्ती लावत होती.

पद्मजाने फाइल बंद केली. तिला हे सगळं ऐकायचं नव्हतं. तिला घरी जाऊन पंख्याखाली आडवं व्हायचं होतं. ती 'राहू दे' म्हणणार, एवढ्यात बेटीआंटी गुडघ्यांवर हात दाबत उठली.

"फोड रे खंडू. क्रूस गावाचा हाय, एकट्या युस्टेसचा नाय."

तिने तोंड फिरवलं. पाचव्या घावाला पाटी मधोमध तडकली. युस्टेस एकीकडे आणि परेरा दुसरीकडे असे तुकडे ओट्यावर पडले. मागे काळा दगड होता. पद्मजाने ब्रशने धूळ झाडली, बाटलीतलं पाणी शिंपडलं. निम्मी झिजलेली अक्षरं ओली होऊन हळूहळू उमटली. ती बोट फिरवत वाचू लागली आणि मध्येच थांबली.

"काय लिवलंय?" बेटीआंटीने पाठमोरीच विचारलं.

"हा क्रूस युस्टेस परेरा याने उभारला. साल एकोणीसशे दोन."

बेटीआंटी वळली. वाकून तिने ती अक्षरं स्वतः वाचली. मग होती तिथेच, तुकड्यांशेजारी बसली.

"त्याचा आजोबा," ती म्हणाली. "झिजत चाललेलं, तेच उतरवून ठेवलं गं त्याने. खाली दुरुस्तीचं साल टाकलं, बस. आणि मी... जेवतानासुद्धा सोडलं नाय त्याला."

तिला रडू आवरेना. पद्मजाला स्वतःच्या कंटाळ्याची लाज वाटली. तिने फाइल उघडली. बांधणाऱ्याचं नाव लिहिलं, साल लिहिलं. क्रूस वाचला होता. शेवटचा रकाना तेवढा राहिला.

"आंटी, दुरुस्ती कोणी केली, असं विचारलंय इथे."

बेटीआंटीने रुमालाने डोळे पुसले.

"युस्टेसने. आता तरी त्याचं नाव लाव."