नमुन्याचा कठडा

"कठडा, कठडा, कठडा. नदी काय तुरुंगात आहे का, गजाआडून बघायला?" शेठ म्हणाले.

महापालिकेचे साहेब हसले. शेठ बोलले की हसायचं, हे साहेबांचं निम्मं काम होतं. नदीकाठच्या बागेचा पैसा शेठचा. बागेसमोर उभे राहत असलेले फ्लॅटही शेठचेच. शहर वाढत होतं आणि शेठ त्याच्या दोन पावलं पुढे चालत होते.

मॅडम हसल्या नाहीत. बागेच्या दुसऱ्या टप्प्याचं डिझाईन त्यांचं होतं. या कामावर येऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते. दाराजवळ लोखंडकामाचा मिस्त्री उभा होता. त्याला चहा मिळाला होता, खुर्ची नाही.

"पहिल्या टप्प्यात कठडा नव्हता," मॅडम म्हणाल्या. "तिथे एक मुलगी बुडाली."

"चौकशी झाली ना त्याची? आई फोनवर गप्पा मारत होती. लेखी आहे तसं." शेठनी बिस्किट चहात बुडवलं. "मी बाग देतो, मॅडम. पोरं सांभाळायला आया नाही देत."

"तिच्या आईला भेटलात कधी?"

"कशाला? नावसुद्धा माहीत नाही मला."

साहेब पुन्हा हसले. मिस्त्री कपात बघत राहिला.

खरं तर पहिल्या टप्प्यात आधी कठडा होता. मिस्त्रीनेच बसवला होता, हाताने गज घासून घासून. मग फ्लॅटच्या गॅलरीत बसलं की पाणी दिसत नाही म्हणून शेठनी तो काढायला लावला, आणि गॅस कटर धरला तोही मिस्त्रीनेच. नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कोणीतरी धरलाच असता, असं त्याने बायकोला समजावलं होतं. बायकोने नुसतं ताट समोर सरकवलं होतं.

मुलगी गेली तेव्हा तो पलीकडे बाकं जोडत होता. आरडाओरडा ऐकून धावत पोचला तोवर आईला गाडीत घालून नेलं होतं. काठावर एक चप्पल राहिली होती. पिवळी, बक्कलवर फुलपाखरू. त्यानेच ती उचलून पोलिसाच्या हातात दिली.

"एकच करा," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "नमुना उभा करते. जागेवर येऊन बघा. नाही पटला तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

"येतो बुवा," शेठ म्हणाले. "तुम्ही काय पिच्छा सोडायच्या नाहीत."

जिना उतरताना मिस्त्रीने तक्रार केली. "मॅडम, काल मी किती फोन केले. उचलत का नाही तुम्ही? कधीच नाही उचलत."

"सवय गेली," त्या म्हणाल्या.

नमुना म्हणजे खऱ्या मापाचा एक तुकडा. पैसे मंजूर व्हायच्या आधी तो जागेवर उभा करायचा, पैसेवाल्याने बघायचा, दुसऱ्या दिवशी उचलायचा. म्हणून तो जमिनीत पुरत नाहीत. काठावर नुसता ठेवतात आणि टेकू लावून तोलतात. टेकू नसले तरी तो उभा राहतो, दिसायला भक्कम, पण धक्का लागला की आडवा. मिस्त्रीने सकाळी टेकू स्वतः आवळले आणि वर पाटी अडकवली: नमुना आहे, टेकू नये.

"टेकू फोटोत घाण दिसतील," मॅडम म्हणाल्या. "मी खाली कापड लावून घेते. तुम्ही चहा पिऊन या."

तो परत आला तेव्हा खालून छान पांढरं कापड लागलं होतं. कठडा नवरीसारखा उभा होता. पलीकडे दगडी भिंत सरळ खाली गेलेली आणि तळाला नदी, काळी, फुगलेली.

शेठ आले. बरोबर साहेब आणि फोटोवाला. शेठनी लांबूनच कठड्याकडे बघितलं, मग मागे वळून आपल्या गॅलऱ्यांकडे.

"नाही," ते म्हणाले. "काठ मोकळाच ठेवायचा. विषय संपला."

"संपला," मॅडम म्हणाल्या.

मिस्त्रीला वाटलं होतं, त्या भांडतील. निदान आवाज तरी चढवतील.

"पण फोटो काढून घेऊ याच्यासोबत," शेठ म्हणाले. "पेपरात बरं दिसतं. लोकांना वाटतं, काळजी घेतात. मग उचला."

साहेब हसले. या वेळी मॅडमही हसल्या. मिस्त्रीने त्यांना हसताना प्रथमच पाहिलं.

"धूळ बसलीय वर. मिस्त्री, माझ्या डिकीत फडकं असेल, आणता का?" त्यांनी किल्ली पुढे केली. "सावकाश या. घाई नाही."

गाडी रस्त्याच्या कडेला होती. जाता जाता मिस्त्रीच्या लक्षात आलं, कठड्यावरची पाटी दिसली नाही. वाऱ्याने पडली असेल. येताना शोधून लावू, असं मनाशी म्हणत त्याने डिकी उघडली.

फडकं होतं. फडक्याखाली पाटी होती. पाटीखाली, नीट शेजारी शेजारी ठेवलेले, त्याने सकाळी आवळलेले टेकू होते. आणि कोपऱ्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, एक पिवळी चप्पल. बक्कलवर फुलपाखरू.

मागून मॅडमचा आवाज आला, नेहमीसारखा, मापात.

"धुळीचं राहू द्या, शेठ. कोट नाही खराब होत. पाठ नदीकडे करा. हां, आता मस्त रेलून उभे राहा. सगळा भार टाका."

हाक ऐकू जाईल एवढंच अंतर होतं.

मिस्त्रीने फडकं जागेवर ठेवलं आणि डिकी बंद केली, आवाज होणार नाही अशी.