दार झाकतंय

जाहिरातींची चित्रं काढण्यात उमर घालवलेला आमचा पेंटर मनाजोगी चित्रं काढायला खेड्यात आला, पण नको ते गाळायची त्याची सवय काही सुटली नाही. टेकडी रंगवताना त्यानं आड येणारं झाड गाळलं. सकाळी पाहतो तर झाड नाही, खड्डासुद्धा नाही. "वाऱ्यानं पडलं असेल," म्हणाला. मग शेजाऱ्याचं कुत्रं गाळलं. तेव्हापासून शेजारी नुसती साखळी घेऊन फिरतोय. थाप वाटेल तुम्हाला, पण साखळी मी पाहिलीय.

काल तो स्वतःचं घर रंगवायला बसला.

"अहो, पायरीवर मी बसलेय. मला घेताय ना?" बायकोनं विचारलं.

"तुझ्यामुळं दार झाकतंय गं."



चित्रात दार सुरेख उतरलंय, आणि आज सकाळपासून तो चहासाठी हाका मारतोय.