आईचं कोम्पोत
आंबट चेरी पाण्यात उकळून केलेलं कोमट कोम्पोत आईनं थर्मासमधून पेल्यात ओतलं आणि मला बजावलं, "काठी नीट धर हं. शेवटची शर्यत आहे माझ्या पोरीची." पोरीची! तिची पोर मी आहे. बोग्ना आणि मी एकाच लेनमध्ये पोहायला शिकलो. पुढे माझा खांदा गेला, ती पोलंडसाठी लांब पल्ल्याची पदकं मारत सुटली, आणि आमच्या घरातलं कोम्पोत तिच्या नावानं उकळायला लागलं. भर शर्यतीत थांबायला सवड नसते. म्हणून तळ्यातल्या तराफ्यावर उभं राहून, लांब काठीच्या टोकाला अडकवलेला पेला तिच्या हाताशी धरायचा, एवढंच आता माझं काम. आई किनाऱ्याकडे वळली तशी मी पेला घटाघटा रिकामा केला आणि तळ्यात बुचकळून पुन्हा भरला. बोग्ना आली, पाठीवर वळली, पेला ओढून तोंडाला लावला आणि थबकली. तिनं माझ्या ओठांकडे बघितलं. चेरीनं लालभडक झाले होते ते. मग तिनं ते तळ्याचं पाणी गिळलं आणि हात मारत निघून गेली. पहिली आली. ओलीचिंब तशीच आईच्या गळ्यात पडली. "मावशी, यंदाचं कोम्पोत कसलं भारी झालं होतं!" आई हरखली. माझ्याकडे वळून म्हणाली, "बघ, हिला चव कळते. तू कधी घोटभर तरी घेतलंस का?" माझे ओठ अजून लालच होते.