वाटीतला पाला

लेक-सून परवा ऊसतोडीला निघणार होते. फडावर राहायच्या कोपीच्या राखणीला कुत्री संग न्यायची, म्हणून सत्यभामानं कडुलिंबाचा पाला वाटून तिच्या आचळांना फासला. पिल्लं तोंड लावायची आणि कडू लागलं की केकाटत मागं सरायची.

सून स्वप्नालीनं एक पिल्लू उचलून पदरानं त्याचं तोंड पुसलं.

"आत्याबाई, लई बारकी हायत वो. आत्ताच कावून तोडता?"

"आन् तिकडं उसाच्या फडात त्यांना कोण बघणार? ऱ्हातील माझ्याजवळ. दोन दिस रडतील, मग वरच्या दुधाला लागतील."

कुत्रीचं झालं, तरी वाटीत निम्मा पाला शिल्लकच होता.

तेवढ्यात झोळीतलं स्वप्नालीचं सहा महिन्यांचं पोर भुकेनं रडायला लागलं.



सत्यभामानं सुनेकडं न बघताच वाटी तिच्यापुढं सरकवली.