एक पत्रावळ रिकामी

"दार उघड, न्हायतर आपला गेम बुडतोय," अरीब म्हणाला आणि त्यानं लॅपटॉप स्वप्नालीकडं वळवला.

राजारामपुरीतल्या एका माडीवरच्या खोलीत दोघांनी तीन वर्षं खपून ‘पंगत’ नावाचा भीतीचा गेम बनवला होता. कोड अरीबचा, कथा आणि चित्रं स्वप्नालीची. गेम बाजारात येऊन महिना झाला होता आणि पहिले पंधरा दिवस तर दोघांचे पाय जमिनीला लागत नव्हते.

गेममध्ये डोंगरातली एक वस्ती आहे. तिथल्या पंथाची माणसं रोज दिवेलागणीला एका पंगतीत जेवतात. पंथाचा प्रमुख स्वतःच्या हातानं वाढतो, म्हणून त्याला वाढपीबाबा म्हणतात. जेवण झालं की प्रत्येक जण आपला पेला पालथा घालतो. एक पत्रावळ मात्र रोज रिकामी मांडलेली असते. ती पंगत मोडून पळालेल्या माणसाची. तो सापडला की त्याला सगळ्यांच्या आधी, मायेनं भरवतात. त्यानंतर तो पंगतीतून कधीच उठत नाही.

एका नावाजलेल्या इंग्रजी साइटनं लिहिलं होतं, की यात कुणी किंचाळत नाही, अंधारातून कुणी अंगावर येत नाही, तरी पोटात गोळा येतो. पुण्याच्या एका समीक्षकानं पालथ्या पेल्यांवरच अर्धा लेख खर्ची घातला होता. खेळणाऱ्यांनी तर कहर केला. ‘लग्नात वाढपी आग्रह करायला आला आणि मी भरल्या ताटावरनं पळालो,’ असं साताऱ्याच्या एकानं लिहिलं, त्याला चार हजार जणांनी दाद दिली.

तक्रार एकच होती, पण जीवघेणी. गेमच्या शेवटी एक दार येतं आणि त्यावर प्रश्न येतो: आपल्या म्हशीचं नाव काय? आता गेममध्ये म्हैस दिसते एकदाच, तीही लांबून. लोकांनी गौरी, लक्ष्मी, चंद्री, जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या म्हशींची नावं घालून पाहिली. दार हलेना. मग लोक बिथरले. ‘अर्धवट गेम’, ‘शुद्ध फसवणूक’ असे शेरे पडू लागले आणि नव्वद टक्क्यांवरची पसंती आठवड्यात साठावर आली.

खालच्या टपरीवरून चहा आला. स्वप्नालीनं तो संपवून कप बशीत पालथा घातला. तिची ही जुनीच खोड. अरीबनं कधी विचारलं नव्हतं. ‘त्यांच्यात असंल पद्धत,’ म्हणून त्यानं सोडून दिलं होतं. गेममध्ये तेच दिसल्यावर लिहिणारी माणसं घरचंच उचलतात, हे त्याला पटलं, इतकंच.

"नाव तरी सांग," तो म्हणाला. "मी कुठंतरी एक इशारा टाकतो."

"न्हाय."

"नोकरी सोडून बसलोय मी. अब्बा रोज विचारत्यात. कुणासाठी अडवून धरलंयस हे दार?"

तीन वर्षं टाळलेलं उत्तर तिनं शेवटी दिलं. "राजवीरसाठी. धाकटा भाऊ माझा. सहा वर्षांखाली एका संध्याकाळी निघून गेला. त्या म्हशीचं नाव आम्ही दोघांनीच ठेवलेलं, तिसऱ्या कुणाला ठाऊक न्हाय. त्याला गेमचं लई वेड. कधी ना कधी ह्यो खेळणारच."

अरीबचा राग तिथंच विरघळला. बाकीचं त्यानं आपल्या मनानं जुळवलं. पोरगा कुठल्या तरी बुवाच्या नादी लागला असणार, म्हणून तर पंथ इतका खरा उतरलाय. "त्याला सोडवायचंय व्हय तुला?" त्यानं हळूच विचारलं.

"परत आणायचाय," ती म्हणाली आणि तिला हुंदका आवरेना. राजवीर गेल्यापासून तिच्या घशाखाली घास सुखानं उतरला नव्हता. त्याची जागा रिकामी बघून जेवायचं, ही शिक्षाच होती.

रविवारपर्यंत थांबायचं, मग इशारा द्यायचा, असं ठरलं. उघडलेल्या दारांचा आकडा दोघं दिवसातून शंभरदा बघायचे. तो शून्यावरून हलत नव्हता. वाईट शेरे तेवढे वाढत होते.

शुक्रवारी दुपारी अरीब नमाजला गेला होता आणि शून्याचा एक झाला.

दार उघडणाऱ्याला चार ओळी लिहायची सोय तिनं ठेवली होती. त्या ओळी समोर आल्या.

‘मास्तरीण. टवकारून बघायची म्हणून. ताई, गेम बघून रात्रभर रडलो. म्हंजी तूबी तिथनं सुटलीस? मी बिद्रीत हाय, कारखान्याच्या मागं खोली घेतलीया. नाव बदललंय. कुणाला बोलू नको. लवकर ये.’

तिनं ते तीनदा वाचलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. ‘येते, कुठं जाऊ नकोस,’ एवढंच तिनं उत्तर पाठवलं.

अरीब जिना चढून आला तो तिचा चेहरा बघून दारातच थबकला. "सापडला?" तिनं मान हलवली. त्याला इतका आनंद झाला, की आल्या पावली तो पेढे आणायला खाली पळाला. दार आता सगळ्यांना उघडून टाकू, असं तो जिन्यातूनच सांगत गेला.

त्याची पावलं विरेपर्यंत स्वप्नाली थांबली. मग तिनं शांतपणे ग्लासातलं पाणी संपवलं, ग्लास टेबलावर पालथा घातला आणि तोंडपाठ असलेला नंबर लावला.

"वाढपीबाबा," ती म्हणाली, "राजवीर बिद्रीत हाय. पत्रावळ मांडा."