राखेतले वाल

दमयंतीच्या डब्यात राखेत ठेवलेले एकेचाळीस वाल होते. नऊ किडके निघाले, बत्तीस उरले. जगात आता एवढेच होते. बाकीचं सगळं बियाणं सरकारी बीजपेढीने किरणांनी निर्जंतुक केलं होतं आणि त्यानंतर एकही बी रुजलं नव्हतं.

"हेही आधी किरणांखाली ठेवा," संचालक फणसळकर नाक मुरडत म्हणाले. "राखेत कसले ठेवता? शी!"

"साहेब, तुमच्या शुद्ध बियांना मोड येतात का हो?" दमयंतीने विचारलं.

"नियम आहे, बाई."

पुराव्याशिवाय हा ठोंब्या गप्प बसणार नव्हता. तिने सोळा वाल किरणांसाठी त्याच्या पुढ्यात टाकले आणि सोळा भिजवून ओल्या फडक्यात बांधले.

चौथ्या दिवशी मोजणी झाली. किरण देऊन तसेच भिजवलेल्या सोळांपैकी शून्य वालांना मोड आले होते, फडक्यातल्या सोळांपैकी अकरांना.