अर्धी गोळी

प्रकल्पातून तीन महिने गोळ्या देऊनही नरसव्वाचं बीपी उतरेना, म्हणून म्हातारपणाच्या आजारांवर संशोधन करणाऱ्या शलाकाने आज गोळ्यांची डबीच उपडी केली. सगळ्या गोळ्या अर्ध्या निघाल्या. समोर नरसव्वाची सून खाली मान घालून कात्रीने विडीची पानं कापत होती.

शलाकाला तिचा पहिल्यापासूनच संशय होता. सासूच्या तब्येतीचं काही विचारलं की ही उठून आत जायची.

"सासूच्या गोळ्या तू कापतेस?"

सुनेची कात्री थांबली.

"तिला कशाला दरडावता? मी कापते," नरसव्वा खेकसली. "अर्धी मला, अर्धी तिला. दिवाळीत चक्कर येऊन चुलीपाशी पडली ही. तुमच्या नर्सबाईकडे गोळी मागितली, तर म्हणे साठीच्या आतल्यांना मिळत नाही."

शलाकाने सुनेच्या दंडाला बीपी मोजायचा पट्टा बांधला. आकडा सासूपेक्षाही जास्त आला.

"पाहिलंत? आता सांगा बाई, कुणा शहाण्याने घातली ही साठीची अट?"

शलाका खाली बघून पट्टा सोडत राहिली. प्रकल्पाच्या कागदावर ती अट तिनेच लिहिली होती.